पत्रिकेच्या पाठीवर समुद्रघोडा

"हॅलो?… हॅलो, कोण?… हो, डोंबिवलीच. मंदाकिनीच बोलतेय… कोण, वन्सं? अहो ओळखला आवाज. जरा हळू बोला ना, इथे सगळ्या दवाखान्याला ऐकू जातंय."

मंदाकिनीच्या हाताला थालिपिठाचं पीठ लागलेलं होतं. खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर महिपत जिन्यातूनच "वहिनी, ठाण्याचा ट्रंक कॉल" म्हणून ओरडला, तशी ती हात न धुता खाली धावली होती. इमारतीत फोन एकच, डॉक्टरांचा, आणि ठाण्याहून तिला फोन करणारं माणूसही एकच. मोठी नणंद सरोज. सरोजचे यजमान त्र्यंबकराव सरकारी इंजिनिअर, घरात फोन आणि दारात मोटार. त्यामुळे सरोज रागावली की तो राग पोस्टाची वाट बघत बसत नसे, थेट तारेवरून येई.

"काय?… कोणी सांगितलं तुम्हाला?… वैशंपायनकाकूंनी? त्यांनी कुठे बघितलं आम्हाला?… ठाण्याच्या फलाटावरून. बरं… हो, खिडकीशी अण्णाच होते… हो, ठेवणीतला काळा कोट घालून… हो, बाळभाऊजी पण नव्या कोटात… हो हो, माझ्या मांडीवर नारळ होता. काकूंची नजर चांगली आहे हो या वयात."

"नाही… अहो ऐका ना… वन्सं, ऐका तर खरं. तुम्हाला वगळून आम्ही बाळभाऊजींसाठी मुलगी बघायला जाऊ का?… हो, अण्णा तसंच समजून निघाले होते… हो, आम्हीच तसं सांगितलं होतं… नाही, मुलगी पसंत-नापसंतचा प्रश्नच नाही. कारण मुलगी नव्हतीच."

दवाखान्यातल्या बाकावर चार रोगी बसले होते. डॉक्टर व्हिजिटला गेलेले, तेव्हा कोणालाच घाई नव्हती. 'मुलगी नव्हतीच' हे ऐकल्यावर तर कोपऱ्यातली खोकणारी आजी खोकायची थांबली आणि महिपतने बाटलीत ओतायला घेतलेलं मिक्श्चर हातातच धरून ठेवलं.

"खोटं सांगितलं… हो, बारा दिवस… मी. कल्पना माझी, बोलणंही माझंच. ह्यांनी नुसती मान हलवली, तीही वर्तमानपत्राच्या मागे… बाळभाऊजींना? त्यांना गाडीत बसल्यावर हळूच कानात सांगितलं. नाही तर त्यांच्या तोंडावरून अण्णांनी ओळखलं असतं. बिचाऱ्यांनी दोनदा दाढी केली होती सकाळी… लागलं हो त्यांना, नाही कशाला म्हणू. दादर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. पण मग म्हणाले, वहिनी, अण्णांसाठी आहे ना, मग चालेल."

"कुठे म्हणजे… मत्स्यालयात… म… त्स्या… लय. मासे बघायला… खायला नाही हो, काय बोलताय. काचेतले मासे, जिवंत. चौपाटीच्या पुढे समुद्राच्या कडेला नवीन बांधलंय ना तीन वर्षांपूर्वी, तिथे. काल अण्णांना साठ पूर्ण झाली. त्यांचा वाढदिवस होता तो."

अण्णा म्हणजे मंदाकिनीचे सासरे. त्यांनी चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. घरात मासा कधी शिजला नव्हता आणि समुद्र त्यांनी पाहिला तोही वाळूवर उभं राहून, पण फळ्यावर रंगीत खडूंनी ते असे मासे काढत की मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे येत. निवृत्तीच्या वर्षी शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. अण्णा सातवीला समुद्रघोडा शिकवत होते. या प्राण्यात पिल्लांना जन्म मादी देत नाही, नर देतो, असं ते म्हणाले आणि साहेब भर वर्गात मोठ्याने हसले. साहेब हसले म्हणून मुलंही हसली. "मास्तर, तुम्ही कधी पाहिलाय का?" साहेबांनी विचारलं. अण्णांनी पाहिला नव्हता आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. शेरेबुकात शेरा पडला, की शिक्षक कल्पित गोष्टी शास्त्र म्हणून सांगतात. जूनमध्ये अण्णा निवृत्त झाले, आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांचं बोलणंच आटलं. 'हूं' आणि 'नको' एवढे दोन शब्द शिल्लक राहिले. आता फेब्रुवारी उजाडला होता.

"हो, गुरुवारचं आहे लक्षात… मोटार पाठवणार आहात, माहीत आहे… हो, अण्णांचे कपडे, औषधं, पुस्तकांची पेटी, सगळं बांधून ठेवायला सांगितलंय तुम्ही. विसरले नाही मी."

ते ती विसरणं शक्यच नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी सरोजने फोनवरच निकाल दिला होता. अण्णा तुमच्याकडे झिजत चाललेत, मी त्यांना कायमचे ठाण्याला घेऊन येते. त्यात दुष्टावा काही नव्हता. सरोजचा बापावर जीव होता. पण मंदाकिनीला ते शब्द फार लागले. ती या घरात आली ती इंग्रजी तिसरीतून शाळा सुटलेली पोर. अण्णांनी तिला रोज संध्याकाळी समोर बसवून पाच वर्षांत मॅट्रिक केलं होतं. स्वयंपाक राहिला तर राहू दे, गणित राहता कामा नये, असा त्यांचा घरात हुकूम होता. त्या माणसाला आपल्या घरात बरं वाटत नाही म्हणून मोटारीत घालून न्यायचं, आणि आपण जिन्यात उभं राहून हात हलवायचा, हे तिला सहन होणारं नव्हतं. फोन ठेवून ती वर गेली होती ती मत्स्यालयाचं ठरवूनच.

"सरळ सांगायचं? अहो, सरळ सांगितलं असतं तर 'नको' म्हणाले असते. त्या शेऱ्यानंतर माशाचं नाव काढायची सोय आहे का घरात? आणि वाढदिवस म्हटलं असतं तर दारच लावून घेतलं असतं. साठीची शांत करू म्हणालात तेव्हा काय झालं ते आठवतंय ना?… मग. एका गोष्टीसाठी मात्र ते उठतील हे मला माहीत होतं. बाळचं लग्न झालं की मी सुटलो, हे म्हणायचे ना ते नेहमी? तीच नाडी धरली."

"हो, गोत्रही सांगितलं मी. अत्री… उंची विचारली, ती सांगितली. शिक्षण, मॅट्रिक. वडील सचिवालयात. आजोळ वाईचं… आठ महिन्यांत पहिल्यांदा अण्णांनी मला एवढे प्रश्न विचारले, वन्सं. मी पाठ करून ठेवलेलं सगळं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उजळणी करायचे."

"हो ताई… तीन मिनिटं झाली?… ठाण्याच्या बाईंना विचारा ना… वन्सं, ऑपरेटर विचारताहेत, ठेवायचा का?… बरं. घ्या, त्या म्हणताहेत तोडायचा नाही."

मंदाकिनीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पहिल्या कानाला पीठ लागलं होतं ते महिपतने खुणेने दाखवलं, पण पुसायला तिला सवड नव्हती.

"सांगते, सगळं सांगते. चर्नीरोडला उतरलो. समुद्राच्या कडेने चालत गेलो. अण्णा पुढे, काठी टेकत, उपरणं वाऱ्यावर. मध्येच हेमाने विचारलं, नवी काकू समुद्रात राहते का… हो, हेमाला कुठे सांगणार, सहा वर्षांची पोर ती, तिच्या पोटात काय राहतंय. मग दारापाशी आलो. अण्णांनी वर पाटी वाचली. परत वाचली. मला म्हणाले, मुलीकडचे इथे राहतात?"

बाकावरचा पाठीला फोड झालेला माणूस हसला आणि हसताना पाठ ताणली गेली म्हणून विव्हळला.

"मग काय… सांगून टाकलं. हात जोडले. म्हटलं, अण्णा, मुलगी नाही, वाढदिवस आहे… नाही, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. 'मला फसवलंस', एवढंच म्हणाले. तूही, असं म्हणाले. आणि आत आल्या आल्या बाक आहे तिथे बसले, भिंतीकडे तोंड करून. इथेही भिंतच… हे म्हणाले, मी सांगत होतो तुला. काय सांगत होते कोण जाणे, बारा दिवसांत तोंडातून शब्द नव्हता… हो वन्सं. रडले मी. त्या काचांच्या मागे उभी राहून, कोणाला दिसू नये म्हणून. म्हटलं, झालं, आता गुरुवारी तुम्ही येणार, आणि बरोबर होतं तुमचंच."

हे बोलून तिने पिठाच्या हातानेच डोळे पुसले.

"आहे, आहे लाइनवर… हेमा पहिल्या काचेपाशी गेली. आत हा एवढा मोठा मासा होता, जाड ओठांचा, येऊन काचेला तोंड लावून उभा. ही मोठ्यांदा विचारते, आई, हीच का नवी काकू… हसा, हसा. सगळं मत्स्यालय हसलं. बाळभाऊजी सोडून… अण्णा? नाही हसले. पण मान फिरवली. एवढीशी. मी बघत होते ना."

"नाही, तेवढ्याने कसले उठताहेत… उठवलं कोणी सांगू? एका गृहस्थाने. बायकोमुलांना घेऊन आलेला, सदऱ्याला सोन्याची बटणं वगैरे. मोठ्या टाकीत कासव होतं समुद्रातलं, आणि हा मुलांना सांगतोय, बघा, हा कासव नावाचा मासा. पाण्यातच श्वास घेतो… हो ना. अण्णांच्या मागेच उभा राहून. पहिल्यांदा अण्णांचा पाय हलायला लागला. मग तो पुढे म्हणाला, आणि ही मुशी, ही देवमाशाची पोर. झालं. उठले. काठी बाकालाच राहिली वन्सं. सरळ त्याच्या समोर जाऊन म्हणाले, अहो, तुम्ही मुलांना काय वाटेल ते सांगू नका."

मंदाकिनीने अण्णांचा आवाज इतका हुबेहूब काढला की महिपत दचकून दाराकडे बघायला लागला. अण्णांकडे तोही शिकला होता, आणि शास्त्रात दोनदा नापास झाला होता.

"पाऊण तास… अहो, पाऊण तास बोलत होते. कासवाला फुप्फुसं असतात, ते नाक वर काढतं तेव्हा बघा, आता काढेल, आता काढेल, आणि त्या कासवाने खरंच काढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मुशी, म्हणजे शार्क मासाच, देवमाशाशी काही नातं नाही तिचं, मग सापासारखी वाम, मग ते शेवंड का काय, लांब मिशांचं. प्रत्येक काचेपाशी उभे राहून. आम्ही मागे, आमच्या मागे तो गृहस्थ, त्याच्या मागे आणखी वीस-पंचवीस माणसं. एक बाई मला म्हणाल्या, हे इथले साहेब का? मी म्हटलं, नाही, हे आमचे सासरे… ताठ मानेने म्हटलं. का नाही म्हणणार?"

"हो ताई, चालू आहे… हो, अजून तीन मिनिटं… वन्सं, आता पुढचं ऐका, खरं ते पुढेच आहे."

"शेवटच्या बाजूला लहान टाक्या होत्या. त्यातल्या एकीत समुद्रघोडे… हो, तेच. चार होते, शेपटीने गवताला धरून उभे. अण्णा गप्प झाले. एकदम. मागची सगळी माणसं थांबली, आता हे काय सांगतात म्हणून, आणि अण्णा काही बोलेनात. मला कळलं ना का ते. परत कोणी हसलं तर? तेवढ्यात तिथला माणूस आला, माशांना खायला घालणारा, हातात बादली. टेरेन्स नाव त्याचं. ख्रिस्ती. आपल्या माजिवड्याचा निघाला हो, तुमच्यापासून दोन मैलांवर राहतो… तर अण्णांनी त्याला हळूच विचारलं. परीक्षेला बसलेल्या मुलाने विचारावं तसं. म्हणाले, यातला तो मोठ्या पोटाचा, तो नर की मादी?"

बाकावर कोणी हललं नाही. मंदाकिनीही थोडी थांबली. ही जागा कशी सांगायची हे तिने रात्री ठरवूनच ठेवलं असणार.

"तो म्हणाला, 'हा बाप हाय मास्तर. पिल्लं हाच पोटात वागवतो नि हाच सोडतो.'… हो वन्सं. अगदी असंच म्हणाला… अण्णांनी त्याला परत म्हणायला लावलं. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, ऐकलंत? मग परत त्याला म्हणायला लावलं. त्याला वाटलं यांना ऐकू कमी येतं, तिसऱ्यांदा तो ओरडूनच म्हणाला. आणि मग त्याने आतल्या बाजूने एक काचेचं भांडं आणून दाखवलं. त्याच आठवड्यात झालेली पिल्लं. जिऱ्याएवढी हो, पण घोड्याचं तोंड, शेपटी, सगळं जिथल्या तिथे. अण्णांनी चष्मा पुसला, बघितलं. पुन्हा पुसला. मला म्हणाले, मंदाकिनी, चौतीस वर्षं मी हे न बघता सांगितलं. बरोबर सांगितलं."

खोकणाऱ्या आजीने पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "बाप्याने पिल्लं काढायची? एका ठिकाणी तरी केलंन देवाने." महिपतने त्यांना बोटाने गप्प केलं.

"हो, लिहून घेतलं ना. अण्णा म्हणाले, एवढं लिहून द्या आणि खाली सही करा. त्या टेरेन्सने बादली खाली ठेवली, हात पुसले, कागद मागितला. आता कागद कुठला? अण्णांच्या कोटाच्या खिशात एकच कागद… हो… हो, बाळभाऊजींची पत्रिका. मुलीकडच्यांना द्यायला घेतली होती ना… अहो पाठीवर, पाठीवर. पुढचे ग्रह जिथल्या तिथे आहेत… 'समुद्रघोड्यात पिल्ले नर देतो', खाली सही, खाली तारीख. बाजूला अण्णांनी चित्रही काढलं, पोटाची पिशवी दाखवून… नाही हो कसला अपशकुन. पुढच्या वेळी खरी मुलगी असेल तेव्हा पुढची बाजू दाखवू. आणि मागची बघून जी हसेल तीच करू म्हणाले बाळभाऊजी… हो, तेही हसत होते तोवर."

"नारळ? तो टेरेन्सला दिला. अण्णांनीच दिला, दोन्ही हातांनी… मग घरी आल्यावर मी ओवाळलं. पाट मांडा म्हणाले स्वतःच. शिऱ्याला तीनदा हात पुढे केला."

यानंतर सरोज बराच वेळ बोलली. मंदाकिनी नुसती "हो… हो… खरंय…" करत होती, आणि तिचा चेहरा फुलत चालला होता. मग तो एकाएकी उतरला.

"अण्णांना देऊ?… आत्ता?… वन्सं, अण्णा आत्ता घरात नाहीत… बाहेर गेलेत… कुठे ते… सांगून गेले नाहीत. सकाळी आठला आंघोळ करून, कोट घालून… नाही, एकटे… हो, पत्रिका घेऊन गेले. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन येतील. आता साडेदहा… हो, कळतंय मला… आठ महिन्यांत एकटे जिना उतरले नव्हते, माहीत आहे… काठी? काठी कालच तिथे राहिली, म्हटलं ना."

आता तिलाही भीती वाटली. आनंदाच्या भरात सकाळपासून ती काय करत होती, तर थालिपीठं. म्हातारा माणूस, हातात काठी नाही, चष्म्याचा नंबर बदललेला, आणि रेल्वेचं फाटक ओलांडायचं.

"नको, आज नका येऊ वन्सं… मोटार नका पाठवू… नाही, तुमचा हक्क आहे, मी कुठे नाही म्हणते… चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. पण एवढे खुशीत होते की… वन्सं, एक दिवस. एक दिवस द्या मला… सामान बांधते, तुम्ही म्हणाल ते सगळं बांधते, पण आज… काय रे महिपत? थांब जरा… काय?"

महिपत खिडकीपाशी उभा राहून दोन्ही हातांनी रस्त्याकडे दाखवत होता. अण्णा येत होते. भर उन्हात, टोपी हातात, कोटाच्या उजव्या बाहीवर कोपरापर्यंत निळा, पिवळा आणि लाल खडू. ते दवाखान्याशी थांबले, आत डोकावले आणि सुनेच्या कानाला लागलेला फोन बघून त्यांनी विचारलं, "कोण, सरोज आहे का? आण इकडे."

मंदाकिनीने रिसीव्हर दिला. अण्णांनी तो आधी उलटा धरला, महिपतने सरळ करून दिला.

"हॅलो. सरोज?… मी बोलतोय… अगं मी, अण्णा… हो, मीच… बरा आहे. शाळेत गेलो होतो… आठवीच्या वर्गावर. गेल्या वर्षीची सातवी ना ती. हेडमास्तरांना म्हटलं, माझा एक धडा अर्धा राहिलाय, पंधरा मिनिटं द्या. तास संपला तरी कोणी उठेना… काढला फळ्यावर. रंगीत… नाही, कोणी हसलं नाही. एक जण उठून म्हणाला, सर, आम्ही तेव्हा हसलो होतो. मी म्हटलं, बस खाली… शेरेबुक? ते काय करायचंय. मुलांच्या वह्यांत उतरलं, झालं."

"गुरुवारी?… नाही. मी येणार नाही… राग नाही गं, राग कसला. तू ये, जेवायला ये, जावयांना आण. राहायला मात्र मी येणार नाही… का म्हणजे? अगं, या पोरीने बारा दिवस मला एका नसलेल्या मुलीची माहिती दिली. गोत्र, उंची, आजोळ. मी उलटसुलट विचारलं, एका उत्तरात चूक नाही. माझ्यासाठी एवढा अभ्यास आजवर कोणी केला नव्हता. हे घर सोडून मी कुठे जाऊ?"

त्यांचं बोलणं संपलं होतं. फोन कसा ठेवतात हे माहीत नसल्यामुळे त्यांनी रिसीव्हर सुनेच्या हातात दिला आणि बाकाकडे वळले, कारण खोकणारी आजी मघापासून त्यांचा कोट ओढत होती. "मास्तर, त्या पिल्लांना पाजतं कोण मग?" तिला तेवढंच हवं होतं. अण्णा बाकावर बसले. "पाजावं लागत नाही, आजी. नीट ऐका," म्हणून त्यांनी सुरुवात केली.

मंदाकिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही. तिने फोन कानाला लावला.

"वन्सं?… आहात ना?… रडताय का?… मी पण… नाही हो, हरवलं वगैरे काही नाही तुम्हाला… बरं, हरवलं. थोडंसं… अहो, आठ महिन्यांनी आवाज ऐकलात, रडू नाही येणार तर काय… आता? आता बाकावरच्या लोकांना शिकवताहेत… हो, तेच बोलताहेत ते. येतंय ऐकू?… नीट नाही येत? थांबा हं. काही बोलू नका, मी रिसीव्हर तिकडे धरते."

तिने वायर पुरेल तितका हात लांब केला आणि रिसीव्हर अण्णांच्या बाजूला धरून उभी राहिली. पलीकडे ठाण्यात सरोज कानाला फोन लावून ऐकत होती. अण्णा आजीला मादी अंडी कुठे घालते ते समजावत होते. ट्रंक लाइन कधी कापली गेली ते कोणालाच कळलं नाही.